खेकडीने आखलेला पाट

फार पूर्वी माणसं नदीचा माग काढत एका खोऱ्यात आली आणि तिथेच राहिली. त्यांनी नदीला बांध घातला, ज्वारी पेरली. बांधापासून शेतापर्यंत पाट खणायचं काम कुदळीकडे आलं.

कुदळ नाकासमोर निघाली आणि काळ्या कातळाला भिडली. चार दिवसांत तिची धार बोथट झाली, पण कातळ हलला नाही. तिकडे ज्वारी माना टाकू लागली.

काठावरची म्हातारी खेकडी म्हणाली, "पोरी, टेकडीच्या कडेने वळून जा. तिथली माती मऊ आहे, उतारही पाण्याला मानवेल."

"तू धड सरळ चालत नाहीस आणि मला वाट दाखवतेस?" कुदळ फणकारली.

"तिरपी चालते, म्हणून तर सगळा काठ पायाखालचा आहे," खेकडी शांतपणे म्हणाली.

कुदळीने एकदा ज्वारीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आजी, तू पुढे चल. मी मागून खणते."

नवव्या दिवशी पाणी शेतात खळखळलं. लोकांनी कौतुकाने कुदळीला हळदकुंकू लावलं.

"मी नुसती माती काढली," कुदळ म्हणाली. "पाट या आजीने आखलाय."