कुलगुरूंची दाढ

राजा मुकुंदसिंहाने ऐन पदवीदान समारंभात हात वर केला आणि तो गरजला, "थांबवा हे सगळं!"

सनई थांबली. वैद्यकीच्या विद्यापीठाचे कुलगुरू हेरंबशास्त्री पदव्यांची चळत हातात धरून तसेच उभे राहिले.

"शास्त्रीबुवा, गेल्या महिन्यात मला उचकी लागली होती. तुमचे तीन प्रथम श्रेणीवाले आले. एकानं उचकीची व्याख्या सांगितली. दुसऱ्यानं उचकीचे पाच प्रकार पोटप्रकारांसकट म्हणून दाखवले. तिसरा म्हणाला, एवढा भाग आम्हाला अभ्यासाला नव्हता! शेवटी माझी उचकीच कंटाळून निघून गेली!"

"पण महाराज, बावन्न जणांना शंभरात अठ्ठ्याण्णवच्या वर गुण आहेत. नापास फक्त एक, तो मल्हारी धनगर."

"गुण नका सांगू मला! यातल्या कोणाला खरोखर काही येतं, ते उद्या दुपारपर्यंत दाखवा. प्रश्न विचारायचे नाहीत, तुमचे प्रश्न तीस वर्षं तेच आहेत. कागदावर लिहून घ्यायचं नाही. जमलं नाही, तर परवापासून विद्यापीठात माझे हत्ती बांधीन!"

विद्यापीठामागच्या आळीत ही बातमी पोचली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खानावळवाली, दोरीवाला, शाई विकणारा म्हातारा, साऱ्यांच्या चुली त्या विद्यापीठावर पेटायच्या. भामा परटिणीची तर सर्वांत आधी. कुलगुरूंपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे कपडे तीच धुवायची.

"हत्ती काय धोतरं नेसणार आहेत का गं!" खानावळवाली रडायला लागली.

"रडू नकोस," भामा म्हणाली. "उद्या शास्त्रीबुवांचं उपरणं पोचवायला मला दरबारात जायचंच आहे. बघते काय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दरबार भरला. शास्त्रीबुवा आले, ते सात हात लांबीचा तक्ता घेऊन! चार जणांनी तो धरला होता. त्यात चौसष्ट रकाने, आणि एकेका रकान्यात लाल, हिरव्या टिकल्या. तक्त्यासाठी एक समिती नेमली होती आणि त्या समितीवर नजर ठेवायला दुसरी.

"यातून काय कळतं?" राजाने विचारलं.

शास्त्रीबुवांनी घसा खाकरला. "महाराज, यातून असं निष्पन्न होतं की जी निष्पत्ती अपेक्षित होती, ती निष्पन्न झाली आहे."

"म्हणजे काय?"

"ते पुढच्या तक्त्यात आहे, महाराज."

"हत्ती आणा!" राजा ओरडला.

"थांबा सरकार!" घडी घातलेलं उपरणं हातावर घेऊन भामा पुढे झाली. "प्रश्न न विचारता, कागद न घेता मी दाखवते. पण त्यासाठी मला एक वस्तू लागेल."

"काय हवं ते माग."

"शास्त्रीबुवांची दाढ!"

शास्त्रीबुवांचा हात चटकन गालावर गेला.

"बघा, दुखतेय ना?" भामा म्हणाली. "चार दिवस उपरण्याला लवंगतेलाचे डाग पडतायत. घासून घासून माझी बोटं गेली! सरकार, ती दाढ आज इथंच काढायची. बावन्न वैद्य रांगेत उभे आहेत. कोणी काढायची, ते शास्त्रीबुवांनीच ठरवावं."

राजाने मांडीवर थाप मारली. "मान्य! चिमटा आणा!"

यादीतला पहिला, सुवर्णपदकवाला, चिमटा घेऊन पुढे आला.

"नको नको! याला नको!" शास्त्रीबुवा मागे सरकले. "याचा हात थरथरतो!"

"अहो, दंतचिकित्सेत याला नव्व्याण्णव दिलेत तुम्ही!"

"ते लेखी होतं, महाराज!"

दुसरा आला. शास्त्रीबुवांनी तोंड घट्ट मिटलं. "याला वरची दाढ कोणती आणि खालची कोणती, ते ओळखता येत नाही!"

"मग गुण कशाचे दिलेत?"

"अक्षर फार सुरेख आहे हो त्याचं!"

"बरं, हा तिसरा?"

"हा माझा सख्खा भाचा, महाराज. म्हणूनच सांगतो, याला जवळसुद्धा येऊ देऊ नका!"

असे एकवीस जण झाले. बाविसावा चिमटा उलटा धरून आला, तेव्हा मात्र शास्त्रीबुवांचा धीर सुटला. "मल्हारीला बोलवा! त्या धनगराला बोलवा कोणीतरी!"

"नापास झालेल्याला?" राजा सिंहासनावरून उठलाच. "नापास का केलंत त्याला?"

"त्यानं वहीला समास सोडला नव्हता, महाराज. शिवाय हजेरी कमी."

"कमी असणारच!" भामा म्हणाली. "तुम्ही वर्गात दाढेची व्याख्या सांगत होता, तेव्हा तो धर्मशाळेत वाटसरूंच्या दाढा काढत होता. त्याच्या सदऱ्यावर रक्ताचे डाग असतात, शास्त्रीबुवा. बाकीच्या बावन्न सदऱ्यांवर नुसती शाई!"

मल्हारी आला. त्याने आधी हात धुतले. "आ करा गुरुजी. घरी नातू कसा आहे?" असं विचारलं, आणि शास्त्रीबुवा नातवाचं नाव आठवेपर्यंत दाढ चिमट्यात होती!

दरबार टाळ्यांनी दणाणला.

"भामा," राजा म्हणाला, "तू यांची परीक्षा घेतलीस तरी कशी?"

"मी कुठं घेतली सरकार? शास्त्रीबुवांनीच घेतली. आजवर तपासताना त्यांच्यापुढं दुसऱ्याची वही असायची, आज स्वतःची दाढ होती!"

राजा इतका हसला की त्याला पुन्हा उचकी लागली. मल्हारीने पाठीवर एक थाप मारून ती तिथल्या तिथे घालवली. राजाने त्याला पदवी दिली आणि राजवैद्यही नेमलं. बावन्न जणांना वर्षभर धर्मशाळेत धाडलं. मग हातातलं सोन्याचं कडं काढून भामाला दिलं.

"विद्यापीठ राहील. पण पुढच्या वर्षी परीक्षा कशी घ्यायची गं?"

भामाने कडं पदराला बांधलं आणि शास्त्रीबुवांकडे पाहिलं.

"त्यात काय सरकार! शास्त्रीबुवांच्या तोंडात अजून एकतीस शिल्लक आहेत की!"