‘रिकामे’ नावाचं फोल्डर

“आणि शून्य म्हणजे?” भैरवगीर महाराजांनी विचारलं.

“म्हणजे त्या फोटोत चेहरा नाही,” पुष्कर म्हणाला.

महाराज नदीकाठच्या स्मशानात राहत. बेवारस प्रेतांना अग्नी देणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. अग्नी देण्याआधी पोलीस प्रत्येकाचा फोटो काढून ठेवत. पुष्कर शहरातला इंजिनियर. महाराजांची सेवा करायला आला होता. सेवेला लॅपटॉप घेऊन आला होता.

समोर द्रुपदाबाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा अंकुश दीड वर्षापासून बेपत्ता. तो या फोटोंत आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. किंवा पाहायचं नव्हतं.

“एकशे चाळीस फोटो,” पुष्कर सांगू लागला. “चेहरे शोधणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्राम, आयती मिळते. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत हुकमाची एक ओळ लिहायची, फोल्डरचं नाव द्यायचं. चेहरा सापडला की हिरवी चौकट. शून्य आलं की फोटो आपोआप ‘रिकामे’मध्ये. ती सोय माझी.”

‘माझी’ हा शब्द त्याने फार नम्रपणे उच्चारला.

बाईंनी एकशे तेवीस चौकटी पाहिल्या. प्रत्येक ‘न्हाई’ला त्यांचा आवाज मोकळा होत गेला.

“झालं, मावशी. अंकुश यात नाही. निवांत घरी जा.”

बाईंनी हात जोडले आणि बाहेर चपला घालायला गेल्या.

“रिकामे किती?” महाराजांनी विचारलं.

“सतरा. पाण्यातले, जळालेले... ते कशाला, महाराज? यंत्राला चेहरा दिसत नाही, तिथं मावशींना काय दिसणार?”

कोपऱ्यात प्रेतांवर घालायची कोरी कापडं रचलेली होती. त्यातलं एक उलगडून महाराजांनी डोक्यावरून गुडघ्यांपर्यंत ओढून घेतलं.

“काढ फोटो,” आतून आवाज आला. “चालव तुझी ओळ.”

सरकारला एका ओळीचं उत्तर द्यायला तीन महिने लागतात. इथं तीन सेकंद लागले.

“शून्य,” पुष्कर म्हणाला. महाराज ‘रिकामे’मध्ये जाऊन पडले.

“आता बाईंना विचार.”

पुष्करने हाक मारली. “मावशी, हे कोण बसलंय?”

द्रुपदाबाई दारातून डोकावल्या आणि हसल्या. “म्हाराजच की! असा खांदा पाडून बसनारं हितं दुसरं कोन हाय? मानूस काय नुसत्या तोंडावरनं...”

...

वाक्य तिथंच राहिलं. हसूही थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं.

मग त्यांनी चपला काढल्या. आत आल्या. मघाच्याच जागी बसल्या.

“दाव रं बाबा, ऱ्हायलेले,” त्या पुष्करला म्हणाल्या.

पुष्करचा हात लॅपटॉपवर थांबला. “महाराज... काय बघायचं, कशावरून ओळखायचं... मी यांना सांगू तरी काय?”

महाराजांनी कापड उतरवलं. नीट घडी घातली.

“काही सांगू नकोस. एकेक उघड, आणि बाईंकडे बघत राहा. ज्या फोटोला ओळख पटेल, तिथं त्या बोलणार नाहीत.”