डावीकडची जागा

नांगर लाकडाचे होते, त्या काळची गोष्ट. चांद्या आणि मोऱ्या या दोन बैलांनी सारा जन्म एकाच जुवाखाली काढला. चांद्या डावीकडे, मोऱ्या उजवीकडे. म्हातारपणी धन्याने त्यांच्या मानेवरचं जू उतरवलं आणि गळ्यातलं दावंही.

थंडी पडली तशी चांद्याने गोठ्यातला उबदार कोपरा धरला, तो सोडेना. हळूहळू त्याचे गुडघे आखडले, वैरणीवरची वासना उडाली.

एका सकाळी मोऱ्या म्हणाला, "ओढ्यावर जाऊन येऊ. ऊन पडलंय."

"तू जा. माझ्या अंगात गारठा भरलाय."

"एकट्याला कसं जमणार? तू शेजारी नसलास की मी डावीकडे कलतो. काल थेट काट्यांच्या कुंपणात शिरलो."

चांद्याला वाईट वाटलं. कण्हत कण्हत का होईना, तो उठला. मग रोजच उठू लागला, मोऱ्यासाठी. परतताना दोघांच्या पाठी उन्हाने तापलेल्या असत, आणि चांद्या गव्हाणीत काडीही ठेवत नसे.

शिमगा जवळ आला. एके दिवशी चांद्याला उशिरा जाग आली. बघतो तर मोऱ्या ओढ्याकडून एकटाच येत होता, अरुंद पायवाटेवरून, अगदी सरळ.

चांद्या कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. कुंपणाबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. शेपटी झटकून तो बाहेर आला आणि मोऱ्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिला.

"चल परत ओढ्यावर," तो म्हणाला, "नाहीतर काट्यात शिरशील."