द्वारकीचं गाऱ्हाणं

अमावास्येचं उधाण तोंडावर आलं होतं, खाडीचा बांध जागोजागी खचला होता, आणि आंबेखोलचे राजे रुद्राजीराव नवा कारभारी निवडायला बसले होते. निवडणार कोणाला? दामूबुवांना!

दामूबुवा म्हणजे दशावतारी नाटकातले विष्णू. मुकुट घालून आले की लोक हात जोडत, आणि मुकुट उतरवून पेज प्यायला बसले तरी बायका पाया पडत. त्यांना शिंक आली तर लोक शुभशकुन मानत. राजेसाहेबांनी तर त्यांची तसबीर दिवाणखान्यात लावली होती, खुद्द थोरल्या महाराजांच्या तसबिरीच्या वर!

देवळापुढे सभा भरली. कारभार मागणाऱ्यांनी लोकांपुढे आपलं म्हणणं मांडायचं होतं. पहिला उठला सोनू गावकर. जन्म बांध घालण्यात गेलेला माणूस.

"मंडळी, आधी खचलेल्या जागी दगड..."

"गाऊन दाखव!" मागून कोणीतरी ओरडलं.

सोनूला गाता येत नव्हतं. तो खाली बसला.

मग दामूबुवा उठले. त्यांनी नुसता उजवा हात वर केला आणि टाळ्यांनी देवळावरची कबुतरं उडाली.

"भक्तहो, भिऊ नका! मी असुरांचा संहार केला आहे. समुद्राची काय कथा!"

"बुवा," गर्दीतून एक मुलगी म्हणाली, "असुर तुमच्या हातून मरतो, कारण मरायचं कधी ते त्याला आधी सांगितलेलं असतं. समुद्राला कोण सांगणार?"

धाकू शेतकऱ्याची द्वारकी होती ती. बांधाला लागून पहिलं शेत तिचंच.

"गप्प बस!" राजे गरजले. "देवाचा कौल घ्या!"

कौलाची रीत अशी, की देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तानू गुरवानं पाकळ्या लावल्या आणि उजवी टपकन पडली.

"गुरवकाका, डावीकडे पाकळी लावलीच नाहीत," द्वारकी म्हणाली.

"देवाला नाही म्हणायचा त्रास कशाला द्यायचा?" गुरव म्हणाला.

मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. एकानं देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून ओरडायचं. मागणं काय आहे ते ऐकायची रीत नाही.

"दामूबुवांका कारभार मिळू दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ऐकलंस?" राजे द्वारकीला म्हणाले. "देव हो म्हणाला, लोक हो म्हणाले. आता तुझं काय?"

"महाराज, हे लोक कशालाही हो म्हणतील."

"असं? मग घाल तू गाऱ्हाणं, आणि या लोकांना एकदा गप्प करून दाखव! सात पिढ्यांत कोणाला जमलेलं नाही. देवाला, बुवांना किंवा मला वाईट बोलायचं नाही. जमलं तर तू म्हणशील तो कारभारी. नाही जमलं तर तुझं शेत सपाट करून तिथे बुवांच्या नाटकाला मांडव घालीन!"

धाकूनं कपाळावर हात मारला. द्वारकीनं पदर खोचला आणि ती देवापुढे उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! आमच्या राजाक शंभर वर्षां आयुष्य मिळू दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दामूबुवांचो आवाज असोच गोड रवू दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि राजान आपली गादीसुद्धा दामूबुवांकाच देऊची, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

राजे ताडकन उठले. "अरे, काय व्हय? कशाला व्हय?"

"बसून घ्या महाराज," द्वारकी म्हणाली. "लोकांचा कौल आहे. वाडा कधी रिकामा करता?"

राजांनी गादी दोन्ही हातांनी धरली. "गादीचं राहू दे! गप्प कुठे झाले ते? अट विसरलीस की काय?"

"नाही हो, चुलीवर भात आहे, तो शिजेपर्यंत होईल." तिनं पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा! दामूबुवा कारभारी झाले, की उद्या पहाटेक त्यांच्याबरोबर हय जमलेल्या सगळ्यांनी, बाप्यांनी आणि बायलांनी, फावडां घेवन बांधावरच्या चिखलात उतरूचा, रे म्हाराजा!"

सगळे चिडीचूप! कोणी आभाळाकडे पाहिलं, कोणी पायाच्या अंगठ्याकडे. एकजण सवयीनं "व्ह..." म्हणाला, तर बायकोनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. कबुतरं परत येऊन देवळावर बसली.

त्या शांततेत एकच आवाज आला, दामूबुवांचा.

"चिखलात? अहो, मला लगेच सर्दी होते!"

"क्षीरसागरात झोपणाऱ्याला सर्दी?" द्वारकी म्हणाली.

आधी राजांच्या मिशा हलल्या, मग पोट, आणि मग ते असे हसले की पगडी कानावर आली. "हरलो पोरी! बोल, कारभारी कोण?"

"सोनूकाका."

राजांनी स्वतःच हात वर केले. "सोनू गावकर कारभारी होऊ दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे जीव तोडून ओरडले. फावड्याचा विषय संपला असं त्यांना वाटलं.

"महाराज, हा 'व्हय' धरू नका," द्वारकी म्हणाली. "उद्या पहाटे जे फावडं घेऊन येतील, त्यांचाच धरा."

"आणि मी नाही आलो तर?" राजांनी विचारलं.

"तर तुमचाही नाही."

राजे पुन्हा खो खो हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी द्वारकीच्या ओंजळीत टाकलं आणि म्हणाले, "मग घरी जाताना वाड्यावर एक फावडं ठेवून जा. मजबूत दांड्याचं बघ!"