कोपऱ्यातला रेझिस्टर

"सर, चोराला चोर म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?"

सबनीस सर ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी आणखी एक शेंग परडीत टाकली.

विश्राम टिपणीस पुण्याहून वाईला आला होता तो रागाच्या भरातच. संगणक म्हणजे खोलीभर कपाटं, असं लोक समजत त्या काळात या पठ्ठ्याने टेबलावर मावणारा संगणक बनवला होता. बाजारात त्याच्या नावाचा डंका वाजत होता. मग त्याच्याच कारखान्यात सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकलेला दिगंबर बाहेर पडला आणि हुबेहूब तसंच यंत्र निम्म्या किमतीत विकू लागला.

उद्या कोर्टात तारीख होती. विश्रामला कॉलेजात शिकवलेल्या सबनीस सरांनी साक्ष दिली की दिगंबरच्या दुकानाला टाळं लागलंच म्हणून समजा.

विश्रामने दोन्ही यंत्रं ओसरीवर मांडली, झाकणं उघडली, घरातून वायर ओढून आपलं चालू केलं. पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकू लागला.

"हा बघा." त्याने कोपऱ्यातल्या एका बारीक रेझिस्टरवर बोट रोखलं. "दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या यंत्रात हा सापडायचा नाही. आता दिगंबरचं बघा. तिथेच, तस्साच!"

"हं... करतो काय हा?"

"जीव आहे तो यंत्राचा! माझी खास रचना."

"काढला तर?"

"बंद पडेल, सर."

सरांनी शेंगांची परडी बाजूला सारली. विश्रामच्या पिशवीतला कटर उचलला आणि चालू यंत्रातला तो रेझिस्टर कट्‌कन तोडून काढला.

"सर!"

पुरावा गेला, यंत्रही गेलं...

हिरवा ठिपका लुकलुकतच होता.

त्याने भीतभीत एक कळ दाबली. अक्षर उमटलं. दुसरी दाबली. तेही उमटलं. तो वेड्यासारखा कळा बडवत सुटला आणि यंत्र इमानेइतबारे अक्षरं दाखवत राहिलं.

"हे... हे कसं शक्य आहे?"

"त्याचे दोन्ही पाय तांब्याच्या एकाच पट्टीला जोडलेत, वीज त्याच्यातून जातच नाही. काम काय करणार तो, कपाळ?"

विश्रामने वाकून ती पट्टी पाहिली. त्याला कॉलेजातला फळा लख्ख दिसला. सरांनी खडूने काढलेली आकृती, कोपऱ्यातली ती रेझिस्टरची नागमोडी रेघ. त्याने ती जशीच्या तशी वहीत उतरवली होती, पहिल्या सर्किट बोर्डापासून तिला जागा देत आला होता, आणि कधीतरी ती त्याची स्वतःची होऊन बसली होती.

"म्हणजे... तुमची चूक होती ती?"

"चूक कसली? दर वर्षी मुद्दाम काढायचो. कुणीतरी हात वर करेल म्हणून."

"आणि... केला कुणी?"

"परवा दिगंबर येऊन गेला. म्हणाला, टिपणीससाहेबांच्या यंत्रातलं सगळं समजलं, हा एक कशाला आहे तेवढं समजत नाही."

विश्रामने आपल्या यंत्राचं झाकण लावलं. शरमेने त्याचे कान तापले होते.

"उद्या... साक्षीला येणार ना, सर?"

सरांनी परडी पुन्हा मांडीवर घेतली.

"येतो की. तुझ्या वकिलाला फक्त सांगून ठेव... तुम्हा दोघांतला माझा खरा विद्यार्थी कोण, एवढं विचारू नको म्हणावं."