हार कोणाची?

"खटका दाबायचा नाही, वायर लावायची नाही, झाकण उघडायचं नाही! आणि नाकसुद्धा जवळ न्यायचं नाही, जळका वास येतो. नुसतं बघून सांग, चालू मशीन कुठलं?"

गुलाबशेठ भंगारवाल्याने हौसाला अशी अट घातली आणि तिच्या वडिलांचा, धोंडिबातात्यांचा चेहराच पडला. समोर तीन जुनी वेल्डिंग मशिनं होती. दोन जळलेली, एक धडधाकट. कुठलं कसं, ते एका शेठलाच ठाऊक!

तात्यांच्या मोटारीचा तळाचा पत्रा गंजून गेला होता. मागे बसणाऱ्याला पायाखालून पळणारा रस्ता दिसायचा. गॅरेजवाल्याने हात वर केले, तेव्हा वेल्डिंग शिकून आलेली हौसा म्हणाली, "तात्या, जुनं मशीन घेऊ. पत्रा मीच जोडते घरी." म्हणून बापलेक त्याच मोटारीतून शेठच्या वखारीत आले होते. शेठचा डोळा मात्र मोटारीवर. अख्खी मोटार भंगारात म्हणजे लोण्याचा गोळाच की!

"बरोबर ओळखलंस तर मशीन फुकट," शेठ म्हणाला. "चुकलीस तर मोटार इथंच ठेवायची आणि चालत घरी जायचं!"

"चल पोरी, निघू," तात्या कुजबुजले. "मोटार गेली तर बाजाराला माळवं कशातनं न्यायचं?"

"कबूल!" हौसा म्हणाली. तात्यांनी कपाळाला हात लावला.

पहिलं मशीन नव्या रंगाने नुसतं चकचकत होतं. दुसरं चांगलं थोराड, चाकांवर बसवलेलं. तिसऱ्याचा रंग उडालेला, मूठ मोडलेली आणि वर एक कोंबडी बसलेली. हौसाने एकालाही हात लावला नाही. ती रस्ता ओलांडून गेली आणि झेंडूचा हार घेऊन आली.

"हे काय गं?" शेठने विचारलं.

"आज खंडेनवमी न्हाई का? हत्याराची पूजा झाल्याबिगर मी सौदा करत न्हाई. घाला तुमच्या हातानं."

"तिघांत एकच हार?"

"फुलवालीकडं एवढाच उरला व्हता."

शेठ मनात हसला. पोरीला फसवायची आयती संधी! हार घेऊन तो ऐटीत चकचकीत मशीनकडे निघाला. हौसाने हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, शेठ आज ज्या हत्याराला पुजतील, त्याच्यासारखाच त्यांचा धंदा वर्षभर चालू दे!"

शेठचा हात हवेतच थांबला. जळक्या मशीनसारखा धंदा? तोही वर्षभर? त्याने चाकांवरच्या मशीनकडे पाहिलं. तेही जळकंच! शेवटी तो वळला, कोंबडीला हुसकावलं आणि हार तिसऱ्याच्या मोडक्या मुठीला अडकवला.

हौसाने डोळे उघडले. "हेच! तात्या, उचला!"

"थांब, थांब!" शेठ ओरडला. "तू कुठं ओळखलंस? हार तर मी घातला! मग माझी हार कशी?"

"असंच असतंय शेठ. हार आणला मी, पण झाली तुमची!"

शेठ असा खदखदून हसला, की पोट धरून वजनकाट्यावरच बसला. "ने, माझे आई, ने! आणि ही तोंडापुढं धरायची काचपण घेऊन जा. पत्रा जोडून झाला की मोटार घेऊन इकडंच ये. वखारीतली सगळी वेल्डिंगची कामं आजपासून तुझी!"