राजवाड्याची मोडखुंटी

एका राज्यात घराघरांत भट्टी होती आणि घराघरांत साचा होता. साच्यात तांबे ओतावे, दिवे करावेत, घंगाळी करावीत, दाराच्या बिजागऱ्याही तिथेच घडवाव्यात, असा तिथला रिवाज. भट्टीवर मुके कारागीर राबत. ओट्यावर जो साचा दिसे, तो ते भरत. साचा कुणाचा, कशासाठी, हे विचारणे असभ्यपणाचे समजत. दारांचीही तीच तऱ्हा. प्रत्येक दारावर पंजाची खोबण असे. ज्याचा पंजा खोबणीत बसे त्याला दार आपोआप उघडे. ज्याचा बसत नसे तो परका. इतके सोपे राज्य! दिवसभरात घरात जे ओतले त्याचा नमुना दारावर टांगत आणि पहारेकरी तो पाहून पुढे जात.

शिवाय प्रत्येक घराच्या तुळईत एक मोडखुंटी असे. घरधन्याने ती आपल्या हाताने ओढली की घर आतल्या आत मिटे, शेजाऱ्यावर वीटही पडत नसे. ही खुंटी कशासाठी, ते सगळे विसरले होते.

राजा वज्रसेनाच्या दारी एके उन्हाळ्यात कालांजन नावाचा जोगी आला. तहानेने त्याची जीभ टाळूला चिकटली होती. त्याच्या हाताला सहा बोटे. पंजा खोबणीत बसेना. राजा सज्जातून हसला आणि म्हणाला, "साच्यात बसत नाही त्याला इथे थारा नाही."

जोगी म्हणाला, "मग ज्याचा पंजा नेमका बसेल तोच तुझ्या राज्याचा काळ होईल. एखादे घर शेजाऱ्यासाठी आपणहून पडेल, तेव्हाच हा शाप फिटेल."

लोकांनी ते हसण्यावारी नेले.

मग पोकळ आले. पोकळाला तोंड नव्हते, पोट नव्हते, श्वास नव्हता. वाळक्या भोपळ्यासारखा तो वर्षानुवर्षे रस्त्यात पडून राही. मेला म्हणावे तर मेलेला नव्हे, जिवंत म्हणावे तर तेही नव्हे. पण वाऱ्याने लोटून त्याचा पंजा दारावर टेकला की बरोबर बसे. दार उघडे. आत जाताच त्याचे कवच गळून पडे आणि उरे फक्त एक साचा. मुके कारागीर तो ओट्यावर घेत आणि भरू लागत. घरचे तांबे, घरची भट्टी, घरचे हात, आणि घडत ते पोकळच! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तांबे संपले की दिवे वितळवत, दिवे संपले की बिजागऱ्या, शेवटी पाळण्याच्या साखळ्या. मग भिंती फुटत आणि शेकडो पोकळ शेजारच्या दाराकडे घरंगळत जात. घरच्या माणसांचे काय होई, ते सांगवत नाही.

खुंटी आठवलेल्यांनी ती ओढून पाहिली. हलेना. पोकळाचा साचा जागा झाला की तो पहिल्यांदा खुंटीच जाम करी.

राजाला एकच मुलगी, उत्पला. गल्ल्यांमागून गल्ल्या ओस पडताना पाहून तिचे काळीज तुटले. ती वेशीवर गेली. तिथे एक टिटवी माणसाच्या वाणीने बोलत असे.

"राज्य वाचेल का?" उत्पलेने विचारले.

"तीन कामे आहेत. तिसरे तुझ्याने होणार नाही," टिटवी म्हणाली. "पहिले काम, देवराईतल्या आग्या मोहोळाचे मेण आण. त्यावर पोकळाच्या पंजाचा ठसा घे. ते मेण एकदा पाहिलेला पंजा विसरत नाही."

उत्पलेने मेण आणले. माश्यांनी तिचा एक डोळा घेतला. मेणावर ठसा उमटताच त्याचे तुकडे झाले, उडाले आणि रस्त्यातल्या पोकळांच्या पंजांवर घट्ट बसले. लिंपलेला पंजा खोबणीत बसेना. दारे मिटलेली राहिली.

"दुसरे काम," टिटवी म्हणाली, "घटोदराच्या पोटात."

घटोदर हा राजाचा राक्षस पहारेकरी. तो चोर गिळी. त्याच्या पोटात दोन दालने होती, एक कोठडीचे आणि एक अग्नीचे; मधले दार उघडले की चोराची राख होई. पण आता तो खंगत चालला होता. उत्पला त्याच्या जबड्यातून खाली उतरली. कोठडीत कोळमुखे नावाचे चोर मजेत बसले होते. यांना तोंडही होते, पोटही. घटोदराचेच अन्न खायचे, कमरेत चिरून एकाचे दोन व्हायचे, हा त्यांचा उद्योग. मधल्या दाराच्या फटी त्यांनी डांबराने बुजवल्या होत्या. ज्याने चोर धरायचे, तोच त्यांना पोटात घेऊन गावभर हिंडवत होता! उत्पलेने खुरप्याने डांबर खरवडले. दार उघडले, अग्नी आत आला. ती बाहेर पडली तेव्हा तिचे केस जळाले होते.

"माझ्याच पोटात होते, बाई," घटोदर रडत म्हणाला, "आणि मला कळले नाही."

"तिसरे काम सांग," उत्पला टिटवीला म्हणाली.

"तुझ्या घरचा दिवा उलटा करून पाहा."

राजवाड्याच्या दारावर नेहमीसारखाच दिवा टांगला होता. तिने तो उलटा केला. बुडावर, मेणात उमटला होता तोच, पोकळाच्या पाच बोटांचा पुसट ठसा होता. एक पोकळ कधीच आत आला होता. त्याचा साचा राजवाड्याच्या मूळ साच्यात वितळून, सांधाही न दिसता, निजला होता. आता तो जागा होत होता. एवढ्या मोठ्या वाड्याचे तांबे त्याला मिळाले असते, तर त्या पोकळांना पुरेल इतके मेण कुठल्याच देवराईत नव्हते.

राजाने दिवा पाहिला.

"खुंटी अजून सैल असेल," तो म्हणाला. "सगळ्यांना बाहेर काढ."

"बाबा, मी ओढते."

"घरधन्याचाच हात लागतो, पोरी."

"ओढून बाहेर पळता येईल का?"

"नाही."

"दुसरा उपाय असेल, बाबा!"

"असता तर टिटवीने सांगितला असता." राजाने तिच्या जळक्या केसांवरून हात फिरवला. "त्या जोग्याने पाणीच मागितले होते. मी बोटे मोजत बसलो."

सगळे बाहेर आल्यावर त्याने खोबणीत पंजा ठेवला. दार उघडले आणि त्याच्यामागे मिटले. उत्पला अंगणात उभी राहिली. आत लाकूड करकरले. मग घडी घातलेल्या धोतरासारखा राजवाडा आतल्या आत मिटत गेला आणि जमिनीबरोबर झाला. भिंतीला लागून एका साळ्याचे घर होते. त्याच्या दारावरचा दिवा हललासुद्धा नाही.

त्याच क्षणी राज्यातल्या साऱ्या पोकळांची माती झाली. शाप फिटला. लोकांनी उत्पलेला गादीवर बसवले, ओस घरे पुन्हा नांदती झाली. कारागिरांना वाचा फुटली. आता ते साचा हाती घेण्याआधी विचारतात, कुणाचा, कशासाठी. उत्पलेने राजवाडा बांधला नाही. लहानसे घर केले आणि त्याच्या दाराला खोबण ठेवली नाही. कुणी आले की ती आधी पाण्याचा तांब्या पुढे करी आणि मग नाव-गाव विचारी.

त्या राज्याची पीडा टळली, तशी ऐकणाऱ्यांचीही टळो. पण एक सांगायचे राहिले. राणी उत्पला रोज सकाळी उठली की आधी तुळईपाशी जाई आणि खुंटी हलवून पाही. ती सैल लागली, की मगच चूल पेटवी.